टेकडीवर रान उभं करायचंय, पैसे कुणाकडे आणि कसे मागायचे?

विचारणा थोडक्यात अशी आहे. घणसोलीच्या पूर्वेला, एमआयडीसी ओलांडली की टेकडीच्या पायथ्याशी दोनेक एकरांचा उजाड पट्टा आहे. जवळच्या चार सोसायट्यांतल्या वीसेक जणांनी तिथे स्थानिक झाडांचं रान उभं करायचं ठरवलंय. संस्था नोंदवलेली नाही. येत्या पावसाळ्यात हजार झाडं लावायची आहेत, आणि त्यासाठी एका कंपनीच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीकडे, पाच लाखांचा अर्ज करायचाय. अर्ज कसा लिहावा?

माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही, पण सांगतो: तो पाच लाखांचा अर्ज आत्ता लिहू नका. पैसे मिळणार नाहीत, आणि चुकून मिळालेच तर पुढच्या मे महिन्यात त्या टेकडीवर काड्या उरतील. या पट्ट्यात मी असे अर्ज लिहिले आहेत, आणि काही वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून वाचलेही आहेत. वाचणारा माणूस 'किती झाडं लावणार' हे शेवटी बघतो. आधी तो तीन गोष्टी शोधतो: जमीन कुणाची, पैसे कुणाच्या खात्यात जाणार, आणि तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार. या तिन्हींची उत्तरं कागदावर असतील तर अर्ज दोन पानांत होतो. नसतील तर वीस पानांचाही उपयोग नाही.

जमिनीपासून सुरुवात करू, कारण नवी मुंबईत घोटाळा तिथेच असतो. तुमच्या पट्ट्यात शेजारी-शेजारीच चार मालक असू शकतात: सिडको, महापालिका, एमआयडीसी आणि वनविभाग. कुंपण दिसतंय म्हणून एमआयडीसी, झुडपं दिसताहेत म्हणून वनविभाग, असा अंदाज बांधू नका. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची गावं महसुली दप्तरात ठाणे तालुक्यात येतात. मूळ गावाचं नाव शोधा, गाव नकाशावर सर्व्हे नंबर काढा, सातबारा काढा. भोगवटादार आणि इतर हक्क हे दोन्ही रकाने नीट वाचा. मग विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण कसलं आहे ते बघा. रस्त्याचं किंवा जलकुंभाचं आरक्षण असलेल्या जागेवर रान लावणं म्हणजे पाच वर्षांनी स्वतःच लावलेल्या झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणापुढे हरकत घ्यायला जाणं. डोक्यावरून महापारेषणच्या उच्चदाब वाहिन्या जात असतील तर त्यांच्याखालचा पट्टा मोठ्या झाडांसाठी सोडूनच द्या. तिथे करवंद, कुडा, धायटी अशी झुडपं चालतील, तीही लेखी विचारून.

जमीन वनविभागाची निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. माझ्या मते ते सगळ्यात बरं, कारण तिथे उद्या इमारत येण्याची भीती कमी. मात्र तिथे तुम्ही मालकासारखं वागू शकत नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा. वनविभाग, संस्था आणि पैसे देणारी कंपनी असा त्रिपक्षीय करार करून काम करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कोणती झाडं, किती वर्षं, राखण कुणाची, हे त्यात लिहिलं जातं. वेळ लागतो. जमीन एमआयडीसीची किंवा महापालिकेची असेल तर देखभालीसाठी ठरावीक मुदतीची परवानगी मागायची. ती किमान पाच वर्षांची हवी. वर्षाच्या परवानगीवर कुणी शहाणा दाता तीन वर्षांचे पैसे देत नाही.

ठाण्यातल्या वाचकांसाठी जाता जाता: घोडबंदर रोडवरच्या संकुलांमागचा येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथला कारभार वन्यजीव विभागाचा, नियम आणखी कडक, आणि 'आम्ही मागच्या गेटमधून जाऊन रोपं लावली' हा उत्साह तिथे गुन्हा ठरू शकतो. आणि खाडीकाठची मोकळी जागा डोळ्यांसमोर असेल तर थांबा. चिखलाची सपाटी रिकामी दिसते, पण ठाणे खाडीत रोहित पक्षी येतात ते त्या चिखलासाठीच. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे काय करायचं ते कांदळवन कक्ष ठरवतो.

कागद शोधताना माणसंही शोधा. 'उजाड' जागा बहुधा कुणाच्या तरी वापरातली असते. पायथ्याच्या पाड्यांवरचे लोक तिथून सरपण नेत असतील, गुरं-शेळ्या चरत असतील, वरच्या देवस्थानाची वाट तिथूनच जात असेल. वनजमिनीवर कुणाचा वनहक्काचा दावा आहे का तेही विचारा. त्यांना न विचारता कुंपण घातलंत तर पहिल्याच उन्हाळ्यात ते तुटेल, आणि दोष शेळ्यांचा नसेल. उलट राखणीला माणूस हवाच असतो, तो त्याच पाड्यातला असू द्या. कुठे पाणी झिरपतं, वणवा कुठून वर चढतो, हे त्याला ठाऊक असतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नसतं.

आता पैसे कुणाच्या खात्यात, हा प्रश्न.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असलं तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. पर्यावरण त्या कामांच्या यादीत आहे. याच कलमात कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही म्हटलंय, आणि रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हे तुमच्या दाराशीच आहेत. इथवर सगळं तुमच्या बाजूचं. अडचण पुढे आहे. कंपनी बाहेरच्या संस्थेला पैसे देते तेव्हा ती संस्था नोंदणीकृत हवी, आयकराची बारा-ए (संस्थेला करसवलत) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला वजावट) ही दोन्ही प्रमाणपत्रं हवीत, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा, आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. शेवटची अट तुम्ही उद्या धावपळ करून पुरी करू शकत नाही. म्हणून 'आमचा गट नवीन आहे, पण जिद्द मोठी आहे' हे वाक्य वाचून सीएसआरवाला हळहळतो आणि फाईल बंद करतो.

यातून वाट काढायला दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, ठाणे-नवी मुंबईत वनीकरणाचं काम जुनं असलेली संस्था शोधायची आणि तिच्या छत्राखाली जायचं. पैसे तिच्या खात्यात, काम तुमचं, आणि दोघांमध्ये एक लेखी करार. करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: खर्चाची मंजुरी कोण देणार, बिलं किती दिवसांत फेडली जाणार, संस्था व्यवस्थापनापोटी किती टक्के ठेवणार, आणि तीन वर्षांनी तुमची संस्था उभी राहिली तर जागेची परवानगी तुमच्या नावावर करायला ती मदत करणार की नाही. शेवटचा मुद्दा संकोचाने राहून जातो आणि पुढे त्यावरूनच भांडणं होतात.

दुसरा मार्ग फार लोकांना सुचत नाही. कंपनी सीएसआरचं काम स्वतःही करू शकते. म्हणजे कुंपणाचं बिल, टाकीचं बिल, टँकरचं बिल थेट कंपनी पुरवठादाराला देते. तुमच्या हातात रुपयाही येत नाही. तुम्ही जागेची परवानगी, आराखडा आणि माणसं आणता. नोंदणी नसलेल्या गटाला पहिल्या वर्षी हे फार सोयीचं पडतं. एक धोका मात्र आहे: मग कंपनीला वाटतं हा आपला 'प्लँटेशन डे' आहे. टी-शर्ट येतात, बॅनर येतो, दोनशे माणसं दोन तासांत दोनशे खड्डे तुडवून जातात. एका दिवसाचे तुटक कार्यक्रम सीएसआर खर्चात धरायचे नाहीत, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केलं आहे. हे त्यांच्या माणसाला नम्रपणे आठवण करून दिलं तर तीन वर्षांच्या बोलण्याला सुरुवात होते.

तोवर स्वतःची नोंदणी सुरू करा, कारण तीन वर्षांचं घड्याळ कधीतरी चालू व्हायला हवं. किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी होते. धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय ठाण्यात आहे. उद्देशांमध्ये 'वृक्षसंवर्धन, स्थानिक जैवविविधतेचं जतन' हे शब्दशः असू द्या. 'समाजाचा सर्वांगीण विकास' असं मोघम लिहिलेल्या घटनेवर तीन वर्षांनी कुणी तरी बोट ठेवतंच. सातही जण एकाच सोसायटीचे नकोत, आणि निदान एक जण हिशेब आवडीने लिहिणारा हवा. दरवर्षी लेखापरीक्षण, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. हे चुकवणाऱ्या संस्था इतक्या आहेत, की वेळेवर करणारी संस्था वाचणाऱ्याच्या लगेच नजरेत भरते. आयकराची प्रमाणपत्रं आधी तात्पुरती मिळतात, मग काम सुरू झाल्यावर नियमित करून घ्यावी लागतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून ते सीएकडूनच करून घ्या. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरही नोंद करून ठेवा.

आणि कृपा करून कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर वर्गणी गोळा करू नका. माणूस कितीही प्रामाणिक असो. दहा हजारांची वर्गणीसुद्धा दोघांच्या सहीच्या स्वतंत्र खात्यात, पावतीसह.

वर्गणीचा विषय निघालाच आहे तर, पहिल्या वर्षाचे पैसे खरं तर तिथूनच यावेत असं मला वाटतं. चार सोसायट्यांतली दीडशे घरं प्रत्येकी पाचशे रुपये देतील तर ७५ हजार होतात. दात्यासाठी ती रक्कम लहान आहे, पण तिच्यामागची दीडशे नावं मोठी आहेत. ऐंशी-जीचं आमिष दाखवू नका. नव्या करप्रणालीत असलेल्या पगारदारांना ती वजावट मिळतच नाही, आणि रोखीत दोन हजारांवरच्या देणगीला कुणालाच मिळत नाही. परदेशातल्या नातेवाइकांबद्दलही विचारलं जातंच: ज्याचा पासपोर्ट भारतीय आहे त्याने तिथल्या कमाईतून दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड असलेल्या मामाची मात्र धरली जाते, आणि त्यासाठी लागणारी एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी नव्या संस्थेच्या आवाक्यात नसते. मामांना सांगा, सुट्टीत या आणि आळी करायला हात लावा.

आता मुख्य गोष्ट, अंदाजपत्रक. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण अर्ज इथेच जिंकतो किंवा पडतो.

हजार झाडांचा आकडा आधी खोडा. दोन एकर म्हणजे साधारण ८,१०० चौरस मीटर. तीन-तीन मीटरवर एक झाड धरलं तर कागदावर नऊशे बसतात. पण टेकडीच्या पायथ्याशी कागदासारखी सपाटी नसते. खडक असतो, ओहोळ असतो, आधीच उभे असलेले पळस, पांगारे, करवंदीच्या जाळ्या असतात. त्या काढायच्या नाहीत; तेच तुमचं रान आहे, अर्धं झालेलं. कापलेल्या बुंध्यांतून फुटवे येत असतील तर त्यांना नुसतं शेळी आणि आगीपासून राखलं तरी रोपांपेक्षा वेगाने वाढतात, कारण मुळं आधीपासून खाली गेलेली असतात. म्हणून पहिल्या वर्षी चारशे रोपं, आणि 'राखलेले फुटवे' असा वेगळा रकाना. हा रकाना बघून जाणकार वाचणारा खुर्चीत सरसावून बसतो.

चारशे रोपांचं पाणी मोजू. आपल्याकडे पाऊस धो-धो पडतो आणि मग आठ महिने तोंड दाखवत नाही. नोव्हेंबर ते मेअखेर साधारण तीस आठवडे धरा. मुरमाड जमिनीत रोपामागे आठवड्याला दहा लिटर, म्हणजे आठवड्याला ४,००० लिटर, पहिल्या उन्हाळ्यात एकूण १,२०,००० लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा, म्हणजे ६०,०००. तिसऱ्यात महिन्यातून एकदा, आणखी २८,०००. तीन वर्षांत दोन लाख लिटरच्या वर पाणी, फक्त चारशे झाडांना. हजार झाडांचा गुणाकार तुम्हीच करा. टँकर चढावर जात नाही. पायथ्याशी टाकी, छोटा पंप, वर दुसरी टाकी आणि तिथून उताराने नळी अशी सोय लागते. गवताचं आच्छादन जाड केलंत तर दोन पाण्यांमधलं अंतर वाढवता येतं. पहिल्या पावसाआधी उतारावर सलग समतल चर आणि ओहोळात अनगड दगडांचे छोटे बांध घातले तर जमीनच पाणी धरायला लागते. चर खणणं हे रोपं लावण्यापेक्षा आधीचं आणि जास्त महत्त्वाचं काम आहे. फोटोत मात्र ते शोभत नाही, त्यामुळे अर्जांत सहसा नसतं.

पाण्यासाठी पैसे मागण्याआधी पाणीच मागून बघा. नवी मुंबई महापालिका सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाणी उद्यानांसाठी आणि कारखान्यांसाठी वापरात आणते. 'आठवड्याला चार हजार लिटर, अमुक ठिकाणी' असं नेमकं पत्र आयुक्तांच्या नावे द्या. 'माझी वसुंधरा' अभियानात राज्यातल्या शहरांचं मूल्यमापन होतं आणि हिरवळीच्या कामाला त्यात गुण असतात, त्यामुळे अशा पत्रांकडे पूर्वीपेक्षा बरं लक्ष जातं. पाण्याची लेखी हमी अर्जाला जोडलीत तर तिची किंमत कुठल्याही मान्यवराच्या शिफारसपत्रापेक्षा जास्त.

दुसरा मोठा खर्च राखणीचा. एक माणूस, अर्धवेळ, तीन वर्षं, किमान वेतनाच्या दराला धरून. पगार लिहायला लोक लाजतात. वाटतं कंपनी म्हणेल प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर गेला. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. तुमच्या टेकडीवर पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. कंपनीच्या माणसालाही कधी कधी हे माहीत नसतं, तेव्हा एका ओळीत लिहून टाका.

तिसरा, आग. पारसिकपासून खारघरपर्यंतच्या टेकड्यांवर फेब्रुवारी ते मे दरम्यान वणवे लागतात. आपोआप लागलेला वणवा मी ऐकलेला नाही. विडी, पार्टीची शेकोटी, नवं गवत फुटावं म्हणून लावलेली काडी. साधारण चौकोनी दोन एकरांची कड साडेतीनशे-पावणेचारशे मीटर होते. तिच्याभोवती तीन मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, डिसेंबरात गवत कापून काढायची आणि फेब्रुवारीत पुन्हा साफ करायची, दरवर्षी. गवत जाळून काढायचं असेल तर वनविभागाची माणसं बरोबर हवीत. कापलेलं गवत बाहेर फेकू नका, तेच आच्छादन. फळ्या, फावडी, झोडपायच्या ओल्या फांद्या आणि पाण्याचे पाठपंप कुठे ठेवणार, तेही एका ओळीत लिहा.

कुंपणाला तारच हवी असं नाही. सागरगोटा आणि चिल्हारीचं जिवंत कुंपण दोन पावसाळ्यांत माणसालाही आत येऊ देत नाही. तोवर करवंदीच्या वाळक्या फांद्यांचं काटेरी कुंपण. तारेवर वाचलेले पैसे पाण्याला.

रोपं? ती सगळ्यात स्वस्त. वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत वनमहोत्सवाच्या काळात, १५ जून ते ३० सप्टेंबर, ती सवलतीत मिळतात. अंदाजपत्रकात रोपांवरचा खर्च एकूण रकमेच्या दहाव्या हिश्शाच्या वर दिसला की मी संशयाने वाचायला लागायचो. या उतारांवर ऐन, किंजळ, बोंडारा, कुंभा, खैर, मोह, असाणा, काटेसावर, बहावा, शिवण, आपटा, आणि ओहोळाकाठी उंबर, अर्जुन, करंज, तामण. रोपवाटिकेत हे सगळं एकदम मिळत नाही, म्हणून यादी सहा महिने आधी देऊन ठेवावी लागते. आयत्या वेळी गेलात तर हातात गुलमोहर आणि सोनमोहर पडतात. गिरिपुष्प भराभर वाढतं म्हणून कुणीतरी आग्रह धरेल, नको म्हणा.

मियावाकी या दाट लागवडीच्या जपानी पद्धतीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कंपनी नक्की विचारेल, कारण चौरस मीटरला तीन रोपं म्हणजे छोट्या जागेत मोठा आकडा. शहरातल्या भरावाच्या चौकोनी प्लॉटवर ते चालून जातं. टेकडीच्या उतारावर, जिथे नैसर्गिक रानाची मुळं अजून जिवंत आहेत, तिथे माती उकरून खत भरून दाट लागवड करणं हा माझ्या मते पैशाचा आणि टेकडीचाही अपव्यय आहे. पण हे अर्जात भाषण म्हणून लिहू नका. 'जागेवर १४ जातींचे फुटवे आढळले, म्हणून विरळ लागवड आणि राखण' असं लिहा. आकडा तुमच्या पाहणीतून येईल तो.

सरकारी योजनांचं थोडक्यात. केंद्राची नगर वन योजना २०२० मध्ये जाहीर झाली तेव्हा पुण्यातल्या वारज्याचं उदाहरण देशाला दाखवलं गेलं. तीत हेक्टरी चार लाख रुपये मिळतात, पण नगर वनासाठी जागा १० ते ५० हेक्टर आणि नगर वाटिकेसाठी निदान एक हेक्टर लागते, आणि पैसे वनविभागाच्या किंवा महापालिकेच्या मार्फत येतात. तुमची दोन एकरं एक हेक्टरही भरत नाहीत. शेजारचा पट्टा धरून वनविभागाने प्रस्ताव केला तर तुम्ही त्यात राखणीचे भागीदार होऊ शकता. नगरसेवक किंवा आमदार निधीतून तुम्हाला रोकड मिळत नाही, काम होतं; टाकी आणि पायवाट मागा. प्रभागाच्या राजकारणात टेकडीला दोन बाजू पडणार नाहीत एवढं मात्र बघा.

आता अर्ज. दोन पानं, एक नकाशा, चार फोटो, जमिनीचा कागद, एका पानाचं अंदाजपत्रक. पहिलं वाक्य हवामान बदलाने सुरू करू नका. वाचणारा दिवसभरात असे पाच अर्ज वाचतो. सुरुवात साधारण अशी असावी:

'मौजे अमुक, सर्व्हे क्रमांक अमुक, येथील दोन एकर जागेवर वनविभागाच्या दिनांक अमुकच्या संमतीने आम्ही तीन वर्षं राखण, पाणी आणि ४०० स्थानिक झाडांची लागवड करणार आहोत. जागेवर पाण्याची सोय महापालिकेच्या पत्रानुसार आहे. १५० कुटुंबांनी ७५,००० रुपये जमा केले आहेत आणि जाळरेषा काढून झाली आहे. आपल्याकडून चर-खड्ड्यांचा, तीन वर्षांच्या राखणीचा आणि पाणी वर चढवण्याचा खर्च हवा आहे. तिसऱ्या वर्षीच्या मेअखेर ७० टक्के रोपं जिवंत असतील असा आमचा अंदाज आहे. प्रत्येक मेअखेरची मोजणी आपल्याला कळवू.'

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. मोजणी मेअखेर, कारण ऑगस्टमध्ये सगळीच झाडं जिवंत दिसतात. आणि ७० टक्के. शंभर टक्के लिहिणाऱ्याने उन्हाळा पाहिलेला नाही, असं मी समजत असे. राज्याने २०१९ साठी ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठेवलं होतं, त्यानंतर लावलेल्या झाडांच्या आकड्याने कुणी भारावून जात नाही. जगलेल्यांचा विचारतात. प्रत्येक रोपाला क्रमांक, मेलेल्याची नोंद आणि कारण, आणि चार ठरलेल्या खुणेच्या दगडांवरून दर तीन महिन्यांनी त्याच कोनातून फोटो. एवढी वही ठेवलीत तर पुढचा अर्ज तीच वही असेल.

स्वयंसेवकांचे तास अंदाजपत्रकात रुपयांत फुगवू नका. वेगळ्या रकान्यात तास म्हणून लिहा.

पैसे हप्त्यांत मागा आणि हप्ते ऋतूंना बांधा. कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. जानेवारीनंतर त्यांच्याकडे न खर्च झालेली रक्कम असते आणि घाई असते. तेव्हा तुमचा तयार कागद टेबलावर हवा. चालू प्रकल्प म्हणून घेतला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्च दाखवता येतो, हे त्यांना सोयीचं आणि तुम्हालाही. पहिला हप्ता मार्चमध्ये, चर-खड्डे आणि टाकीसाठी. दुसरा ऑक्टोबरात, पाणी आणि जाळरेषेसाठी. पुढचे मेच्या मोजणीनंतर. लागवडीच्या दिवशी एकरकमी धनादेश घेऊन फोटो काढला, की ऑक्टोबरात फोन उचलला जात नाही. कंपनीचा फलक लागेल, लागू द्या, पण एक आणि छोटा. पुढे या झाडांच्या कार्बनवर कुणी हक्क सांगणार असेल तर ते करारात आधी लिहून घ्या. आजकाल ते कलम बारीक अक्षरात येतं.

तुमच्या गटाचं यंदाचं वेळापत्रक मी असं धरेन. गणपती-दसऱ्याच्या दरम्यान सातबारा, आराखडा आणि पाड्यावरच्या लोकांशी बोलणं. दिवाळीच्या आसपास जागेची पाहणी, फुटव्यांची यादी आणि जमीनमालकाला पत्र. डिसेंबरात, परवानगी आली असेल तर, स्वखर्चाने जाळरेषा. जानेवारीत जुन्या संस्थेसोबत करार आणि अर्ज. एप्रिल-मेमध्ये चर आणि खड्डे, पाऊस नीट लागल्यावर जूनअखेर-जुलैत चारशे रोपं. परवानगी मार्चपर्यंत आली नाही तर या वर्षी लागवड नाही. फक्त राखण, आणि तीही विचारून.

सातबारा हातात आला की भोगवटादाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते कळवा. पहिलं पत्र कुणाच्या नावे आणि त्यात काय मागायचं, हे त्यावरून ठरेल.